सुळेभावीचा पोरगा, देवासचे कुमारजी : कपाटातल्या दोन रेकॉर्डींमधलं आयुष्य

बेळगाव : माझ्या कपाटात दोन रेकॉर्डी मी मुद्दाम शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत. पहिली लाखेची, अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची, बालगंधर्वांची. कडेचा टवका उडालाय, एका बाजूला ओरखडा आहे, त्यामुळे दर फेरीला टक-टक वाजते. दुसरी मोठी एलपी, एचएमव्हीची, नाव 'मला उमजलेले बालगंधर्व'. गाणारे कुमार गंधर्व. घरी कुणी रेकॉर्डी बघायला आलं की विचारतं, बालगंधर्वांची गाणी त्यांच्याच आवाजात आहेत, मग परत दुसऱ्याच्या आवाजात कशाला? एवढी जागा अडवता?

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर कुमारांचं अख्खं आयुष्य सांगावं लागतं. २०२४ साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली, तेव्हा सगळीकडे भरपूर लिहून आलं. आपल्या भागात मात्र अजूनही बऱ्याच जणांना ते फक्त रंगमंदिराच्या पाटीवरचं नाव म्हणून ठाऊक आहेत. वार्ताहर म्हणून मी त्या रंगमंदिरात किती कार्यक्रमांना गेलो याची गणती नाही. पाटीखालून जाताना मान वर करून बघणारा माणूस क्वचितच दिसतो.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हे त्यांचं खरं नाव. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळच्या सुळेभावीत. घर लिंगायत, बोली कन्नड. वडील सिद्धरामय्या स्वतः गाणारे, त्यामुळे घरात सूर होताच. पण या पोराला कुणी समोर बसवून सा-रे-ग-म शिकवलेलं नव्हतं. सहा-सात वर्षांचा असताना तो एकदम गायला लागला, आणि गायला काय, तर ऐकलेलं जसंच्या तसं.

आणि ऐकलेलं म्हणजे रेकॉर्डी.

आज हे नीट समजायचं तर त्या काळातली रेकॉर्ड डोळ्यांसमोर आणायला पाहिजे. ग्रामोफोनला चावी द्यायची, पोलादी सुई बसवायची, आणि एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटांचं गाणं. तेवढ्यात उस्तादानं आलाप करायचा, बंदिश म्हणायची, ताना घ्यायच्या आणि समेवर येऊन थांबायचं. मैफलीत तासभर चालणारा राग तिथे चिमटीत मावेल एवढा व्हायचा. मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब, सावंतवाडीकडचे रामकृष्णबुवा वझे, आणि घराघरांत बालगंधर्व. गंमत बघा, खाँसाहेबांचा आवाज बारीक, टोकदार. वझेबुवांचा जोरकस. बालगंधर्वांचा लडिवाळ. असल्या एकमेकांशी अजिबात न जुळणाऱ्या गळ्यांचं गाणं हा लहान पोरगा हुबेहूब काढून दाखवायचा. नुसती चाल नाही. हरकती, ठेहराव, आवाजाची ढब, सगळं.

त्याला 'कुमार गंधर्व' हे नाव दिलं ते एका लिंगायत मठाच्या स्वामींनी. शिवपुत्र हे नाव मग घरापुरतं राहिलं. वडिलांनी पोराला घेऊन गावोगाव जलसे सुरू केले. लोक तिकिटं काढून यायचे. व्यवहाराच्या भाषेत सांगायचं तर (बी.कॉम. झालेल्या माणसाची खोड, माफ करा) घराला चालू उत्पन्न मिळालं होतं. १९३५ मध्ये अलाहाबादच्या संगीत परिषदेत हा अकरा वर्षांचा मुलगा गायला आणि मोठमोठे उस्ताद थक्क झाले. मग मुंबईत जिना हॉलमध्ये गाणं झालं, त्याचीही अशीच चर्चा.

इथपर्यंतची कथा आपल्याकडे सगळे अभिमानाने सांगतात. माझ्या मते खरा कस याच्यानंतर लागला. चमत्कार करणारी लहान मुलं आपण टीव्हीवर दर महिन्याला बघतो. पुढे त्यांचं काय होतं ते कुणी विचारत नाही. आवाज फुटतो, वय वाढतं, हुबेहूब नक्कल करणारा गळा विशीत गेला की लोक म्हणतात, बरं गातो, पण मूळची रेकॉर्ड आहे की घरी. कुमारांचंही तसंच झालं असतं.

तसं झालं नाही, कारण वडिलांनी हा चालता जलसा थांबवून मुलाला मुंबईत प्रोफेसर बा. र. देवधरांच्या हवाली केलं. देवधर मूळचे मिरजेचे, विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. त्यांचं 'स्कूल ऑफ इंडियन म्युझिक' गिरगावात. हा माणूस मोठा विलक्षण. ग्वाल्हेर गायकीत वाढलेला, पण दुसऱ्या घराण्याचं काही ऐकायचं नाही असला सोवळेपणा नाही. पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केलेला. नाना घराण्यांचे गवई त्यांच्या शाळेत येत, गात, बोलत. तोवर रेकॉर्डीतून आवाजच ऐकलेल्या मुलाला इथे गाणारी माणसं समोर बसलेली दिसली. त्या आवाजांमागे काय विचार असतो, राग कसा उभा राहतो, एका रागाचा दुसऱ्याशी संबंध काय, हे देवधरांनी त्याला उलगडून दाखवलं. पुढे शाळेत तोच शिकवायलाही लागला. मुंबईतच गोव्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही त्यांना शिकायला मिळालं. भेंडीबाजार घराण्याच्या या बाईंनी मैफली सोडल्या होत्या, पण विद्या देताना हात आखडता घेतला नाही.

माझ्या वहीत प्रत्येक रेकॉर्डीची नोंद असते : तारीख, कुठून घेतली, किती रुपये, अवस्था कशी. कुमारांच्या पानावर सुरुवातीलाच एक ओळ कोरी आहे. लहानपणी त्यांच्या गाण्याच्या लाखेच्या रेकॉर्डी निघाल्या होत्या. त्यातलं थोडं मी एका जाणकाराकडे टेपवर उतरवलेलं ऐकलंय. खरखरीतून येणारा तो कोवळा, धारदार आवाज ऐकताना अंगावर काटा येतो, आणि दुसऱ्याच क्षणी वाटतं, हा नक्की कुणाचा आवाज? गातंय पोर, पण आत कुणीतरी मोठा माणूस बसलाय. ती रेकॉर्ड मला अजून मिळालेली नाही. एकदा मिळाली असं वाटलं होतं. एका विक्रेत्याने फोनवर खात्री दिली, मी पैसे पाठवले. पार्सल उघडलं तर कव्हर एका गायकाचं, आत भलत्याच गायकाची रेकॉर्ड, आणि तीही वाकडी. पैसे गेले ते गेलेच.

असो. १९४७ च्या एप्रिलात कुमारांचं लग्न झालं. भानुमती कंस या देवधरांच्याच शाळेत शिकणाऱ्या, कराचीकडून आलेल्या. वय तेवीस, नाव झालेलं, बोलावणी येत होती. आणि लगेचच क्षयाचं निदान झालं.

आज क्षय म्हटला की गोळ्यांचा कोर्स, सरकारी दवाखाना, सहा महिने. तेव्हा क्षय म्हणजे घरात कुजबुज सुरू. गवयाला तर डॉक्टर पहिली गोष्ट सांगणार, गाणं बंद. मुंबईची दमट हवा सोडून कोरड्या हवेत जायचं ठरलं, म्हणून १९४८ च्या जानेवारीअखेर हे जोडपं माळव्यात देवासला आलं. इंदूरजवळचं छोटं गाव, पवारांच्या दोन संस्थानांचं. वर टेकडीवर देवी, खाली मराठी वस्ती, ज्येष्ठ गवई रजब अली खाँ तिथलेच. इंदूरच्या रामूभैया दात्यांसारखे गाण्याचे वेडे लोक पाठीशी उभे राहिले. भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी धरली. नवरा अंथरुणावर, बायको पगारावर, असा तो संसार. मोठ्या कलावंतांच्या चरित्रात बायकोची नोकरी एका ओळीत संपते, म्हणून इथे जरा थांबून सांगतोय : त्या पगाराशिवाय पुढचं काहीच झालं नसतं.

जवळजवळ पाच वर्षं कुमार गायले नाहीत. माझ्या कपाटात या काळाची एकही रेकॉर्ड नाही. असणार कशी?

पण कान चालू होते. लहानपणी ज्या कानांनी रेकॉर्डी टिपल्या, तेच कान आता खिडकीबाहेरचं ऐकत होते. दळताना, लग्नात, सणाला माळव्यातल्या बायका काय म्हणतात, रस्त्याने जाणारा भिक्षेकरी कुठल्या सुरात हाक मारतो, शीलनाथांच्या धुनीवरचे नाथपंथी कसं गातात. या गाण्यांना कुठल्या घराण्याचा शिक्का नव्हता, कंपनीचं लेबल नव्हतं. चार-पाच सुरांतच फिरणाऱ्या या धुनांमध्ये त्यांना रागाचं बीज दिसलं. राग आधी आणि धून नंतर असं आपण समजतो. कुमार उलटीकडून गेले. बरं वाटायला लागल्यावर दोघं नवरा-बायको ही लोकगीतं गोळा करायला लागली, टिपायला लागली. त्यातूनच पुढे त्यांनी धुन-उगम राग बांधले. मालवती, लगनगंधार, संजारी, सहेली तोडी, मघवा, ही नावं आज गवयांच्या ओठांवर आहेत.

दरम्यान स्ट्रेप्टोमायसिन आलं. ज्या औषधाने हजारो लोक वाचले, त्यानेच कुमारही वाचले. पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं. १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीला बसले, तेव्हा पहिला लांब श्वास त्यांच्याकडे नव्हता.

आता माझा एक अंदाज सांगतो. मी संगीताचा पंडित नाही, पटला तर घ्या. कुमारांचं नंतरचं गाणं छोट्या-छोट्या तुकड्यांचं होतं. एकदम उसळी, मग एकदम हलकं, मध्ये शांतता, परत फेक. लोक म्हणतात, दम नव्हता म्हणून तसं गायले. ते अर्धं खरं असेल. पण थोडक्यात पुरं करायचं हे वळण त्यांना फार आधी लागलं होतं, साडेतीन मिनिटांच्या रेकॉर्डींनीच लावलं होतं. त्या पोराच्या कानात राग भरला तो घट्ट बांधलेल्या, कुठेही पाणी न घातलेल्या रूपात. पुढे बंदिशीला ते इतकं महत्त्व देत, छोटा ख्याल मोठ्याइतक्याच मानाने गात, त्याची मुळं मला त्या लाखेच्या तबकड्यांत दिसतात. आजाराने त्यांना नवीन काही शिकवलं नसेल. होतं तेच त्यांच्याकडून हक्काचं करून घेतलं.

मैफलीतल्या जुन्या मंडळींना हे सहज पचलं नाही. हे कुठलं घराणं? विलंबितात तासभर आलाप का नाही? लोकगीत आणि भजन ख्यालाच्या पंगतीला का? असे आक्षेप आले, आणि घेणारे लोक काही अडाणी नव्हते. दुसऱ्या बाजूला पु. ल. देशपांड्यांसारखे मित्र ठाम उभे राहिले. इंदुरात राहुल बारपुते हा मराठी माणूस हिंदी 'नई दुनिया'चा संपादक, आणि चित्रकार विष्णु चिंचाळकर, यांच्याशी कुमारांचा घरोबा. चित्रं, शेती, राजकारण, जेवण, सगळ्यावर गप्पा. नुसत्या गवयांच्या संगतीत राहिलेला माणूस असा गायला नसता, असं मला वाटतं.

१९६१ साली भानुमतीबाई दुसऱ्या बाळंतपणात गेल्या. पाच वर्षं अंथरुणावरच्या नवऱ्याला जिने ओढून काढलं, तीच आधी गेली. यावर मी काही लिहू शकत नाही. पुढल्या वर्षी वसुंधरा श्रीखंडे त्यांच्या आयुष्यात आल्या, त्याही देवधरांच्याच शाळेतल्या. निर्गुणी भजनांच्या रेकॉर्डींत कुमारांच्या आवाजाला धरून जो बायकी आवाज ऐकू येतो, तो वसुंधराताईंचा. देवासच्या घराचं नाव भानुकुल. पहिलीचं नाव घरावर, दुसरीचा सूर गाण्यात.

१९६५ ला 'अनूपरागविलास' हे त्यांच्या बंदिशींचं पुस्तक आलं. आणि मग एलपीचा जमाना. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. माझ्याकडची 'त्रिवेणी' मी सगळ्यात जास्त वाजवली असेल. कबीर, सूरदास, मीरा असे तिघं एका रेकॉर्डीवर. कबीराची भजनं आपण देवळात टाळ-पेटीवर ऐकलेली. इथे मात्र एकटा माणूस मोकळ्या माळावर उभा राहून कुणाला तरी हाक मारतोय असं वाटतं.

एलपी लावली की मी आवाज थोडा वाढवतो आणि पहिली काही सेकंदं फक्त तानपुरे ऐकतो. तानपुरे लावण्याबद्दल कुमार फार काटेकोर होते, गाण्याआधी त्यांचा किती वेळ त्यात जाई याचे किस्से प्रसिद्ध आहेत. लाखेच्या जुन्या रेकॉर्डीवर तानपुरा खरखरीत बुडून गेलेला असतो, ऐकूच येत नाही. ज्याचं पहिलं शिक्षण तानपुरा न ऐकू येणाऱ्या रेकॉर्डींवर झालं, त्याने पुढे आयुष्यभर तानपुऱ्याचा ध्यास घ्यावा, याचं मला फार नवल वाटतं. आमच्याकडे पावसात रेकॉर्डींना बुरशी धरते. दर आषाढात मी एकेक काढून पुसतो, सावलीत वाळवतो. तेव्हाही पुसून झाल्यावर तपासायला तेवढे तानपुरेच लावून बघतो.

बाकी मग ऋतूंवरचे कार्यक्रम, गीतवर्षा, गीतहेमंत, गीतवसंत, ज्यांत लोकगीत आणि ख्याल एका पाटावर बसले. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे यांच्या कवितांची 'तांबे गीतरजनी'. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कवीला महाराष्ट्राबाहेरच्याच गवयाने उचलून धरलं, हे आपल्यासारख्या सीमेवरच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. आणि ज्या घरात शास्त्रीय संगीताचं नाव नाही, तिथेही वाणी जयराम यांच्याबरोबरचं, बाळ कोल्हटकरांच्या 'देव दीनाघरी धावला' नाटकातलं द्वंद्वगीत असतंच. संगीत वसंत देसाईंचं. आमच्या मामांकडे त्याची छोटी रेकॉर्ड होती, ती झिजून पांढरी पडेपर्यंत वाजली.

आता शेजारी ठेवलेल्या दोन रेकॉर्डींकडे परत येतो.

चाळिशीच्या आसपास कुमारांनी बालगंधर्वांची गाणी घेऊन कार्यक्रम केला. ज्यांची नक्कल करून लहानपणी टाळ्या घेतल्या, त्यांच्याकडे ते परत गेले. गळ्यात ती नक्कल अजून असणारच, असल्या गोष्टी जात नाहीत. मनात आणलं असतं तर बालगंधर्व पुन्हा उभे करून सभागृह रडवलं असतं, लोकांना तेच हवं होतं. त्यांनी नाव दिलं 'मला उमजलेले'. माझी लाखेची रेकॉर्ड आधी लावायची आणि मग एलपी. बालगंधर्वांचं वळण येतंय असं वाटतं तिथे कुमार जरा आधीच थांबतात, किंवा त्या वळणाकडे बोट दाखवून पुढे जातात. लाड नाही, आर्जव नाही. ज्या जागेवर बालगंधर्व रेंगाळतात, तिथे हे एकदाच स्पर्श करतात. माझ्या सासऱ्यांना हे अजिबात आवडत नाही, ते म्हणतात, गोडवा सगळा काढून टाकला. त्यांचं चुकतंय असंही मला म्हणवत नाही. बालगंधर्व त्यांनी लहानपणी घरात ऐकले, मी कुमारांकडून बालगंधर्वांकडे गेलो.

पण घरी आलेल्याला जागा अडवण्याचं कारण मी हेच सांगतो. सात वर्षांच्या पोराने जी रेकॉर्ड जशीच्या तशी म्हटली, तीच चाळीस वर्षांच्या माणसाने स्वतःची करून म्हटली. मध्ये देवधर, अंजनीबाई, पाच वर्षांचं मौन, माळव्यातल्या बायका, एक फुप्फुस आणि भानुमतीबाईंचा पगार.

१९७७ मध्ये पद्मभूषण, १९९० मध्ये पद्मविभूषण मिळालं. १२ जानेवारी १९९२ ला देवासला कुमार गेले, वय सदुसष्ट. मी तेव्हा शाळेत होतो, बातमी ऐकल्याचंही आठवत नाही. कन्नड घरात जन्म, मुंबईत मराठी माणसाकडे शिक्षण, माळवी बायकांकडून धुना, कबीर-गोरखनाथांची हिंदी. ते कुणाचे, यावर आपल्याकडे अधूनमधून वाद रंगतो. दोन्ही बाजूंच्या पत्रकार परिषदा मी कव्हर केल्यात, म्हणून या वादात पडत नाही.

वहीतली ती कोरी ओळ मात्र अजून तशीच आहे. सुळेभावी, धारवाड, मिरज, कोल्हापूर, इंदूर, बडोदे, कुठेही कुणाच्या माळ्यावर जुन्या लाखेच्या रेकॉर्डींचा गठ्ठा असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी लेबलं एकदा वाचा. बाल कुमार गंधर्वांचं नाव दिसलं तर पोर्टलला कळवा. विकत द्या असं म्हणत नाही. आडवी ठेवू नका, उभी ठेवा, ओल्या फडक्याने पुसू नका. प्लेअर घेऊन मीच येतो, एकदा ऐकतो आणि जातो.